उशिरा पडणारी टाच

कोंबडा आरवायच्या आत केरुबिनाचं अंगण झाडून झालेलं असे. मग ती आंब्याखाली चटईवर बसून जपमाळ ओढी. लढाईत सरकारने गावंच्या गावं छावणीत नेऊन कोंबली, तिथेसुद्धा तिने हा नेम मोडला नव्हता. तिथे एका झोपडीचं छप्पर दुसरीच्या छपराला टेकलेलं, झाडायला अंगण म्हणून नव्हतंच. तरी दारातली हातभर जमीन ती झाडायची. जपाच्या शेवटी लामारोसाठी प्रार्थना. लामारो तिची थोरली मुलगी. लढाईच्या दिवसांत शेंगा उपटायला गेलेल्या पोरींना बंडखोरांनी शेतातूनच हाकून नेलं, त्यात तीही गेली. काही पोरी परत आल्या, लामारो आली नाही. जिवंत माणसासाठीची प्रार्थना वेगळी, मेलेल्यासाठीची वेगळी. केरुबिना दोन्ही म्हणायची आणि शेवटी म्हणायची, "देवा, यातली जी लागू पडेल ती तू घे."

त्या सकाळी माळ अजून हातातच होती, तोवर मागून ओदोंगचा आवाज आला. हा तिचा उरलेला एकुलता मुलगा.

"आई, देवाला सांगून झालं असेल तर जरा मलाही सांग. त्या पोराला आज अंगणात नाचवून काय साधणार आहेस?"

"तू त्याचं तोंड पाहायला तयार नाहीस. म्हटलं, निदान पाय तरी पाहा."

"पाय पाहून काय करू? बैल घेतोय का मी?"

"बैल घेताना बरा तासभर निरखतोस. जावई करायचा तर लांबूनच नको म्हणतोस."

ओदोंग उकिडवा बसला. बोलणं तेच, कितीदा झालेलं. त्याची मुलगी आतिमांगो आणि तो विटा पाडणारा केने, दोघं ओबोन्यो मास्तरांच्या नाचाच्या संघात होती. संघ लग्नांतून, शहरातल्या स्पर्धांतून नाचायचा. मास्तरांनी केनेला गुलू शहरातून आणलं होतं. तो वाढला तिथल्या ख्रिस्ती नन्सच्या अनाथाश्रमात. जन्म जंगलातला, बंडखोरांच्या तळावरचा. आईने नाव ठेवलं रुबांगाकेने, म्हणजे एक देवच काय तो. लोकांनी नुसतं केने केलं. आई गेलेली, बाप कोण ते ठाऊक नाही.

"मुलगा वाईट नाही गं," ओदोंग म्हणाला. "पण त्याचं कूळ कुठलं? आपल्याकडे बापाचं कूळ टाळायचं, आईचं कूळ टाळायचं. मामाची मुलगी इथे बहीणच. मी त्याला विचारलं, कुठला तू? तर म्हणतो, विटांच्या भट्टीवरचा! उद्या रक्तातलंच काही निघालं, तर पोरांच्या पोरांना भोगावं लागेल."

"आपल्या रक्ताचं आता उरलंय कोण, निघायला?" केरुबिना हळूच म्हणाली.

ओदोंगने मातीतली काडी मोडली. मग उठता उठता पुटपुटला, "नाचू दे. पण मी हो म्हटलेलं नाही."

"तू कशालाच हो म्हणत नाहीस. जन्मालासुद्धा दोन दिवस उशिरा आलास."

खरं तर नाच पाहायचं केरुबिनाच्याही जिवावर आलं होतं. लामारो गेल्यापासून तिने नाच पाहिला नव्हता. छावणीत तर संध्याकाळ झाली की सैनिक शिट्ट्या मारत फिरायचे, आत व्हा, आत व्हा. चांदणं फुकट जायचं. कुणाकुणाच्या घरी नाचाच्या तुंब्या होत्या, भोपळ्याच्या त्या अर्ध्या कवट्या. त्यांनी मदत म्हणून आलेला घेवडा मोजून मिळायचा. पायांतल्या घंटा बायकांनी साबणाच्या वडीसाठी विकल्या. त्या काळात जन्मलेली पोरं मोठी झाली ती बंदुकीचा आवाज ओळखत. कुठला जवळचा, कुठला लांबचा. नाच ती नंतर शिकली, शाळेतल्या तासासारखा, मास्तरांच्या शिट्टीवर. आतिमांगो तसाच शिकली. सुरेख नाचायची म्हणे. केरुबिना तिला म्हणे, "मला घरातूनही ऐकू येतं, चांगलं चाललंय."

पण आज नातीसाठी तिनेच हा घाट घातला होता. दुपारपर्यंत नाचणीचा उंडा झाला, आंबट पाला तिळाच्या वाटणात रटरटला, शेजारणींनी मक्याची आंबवलेली पेज आणून ठेवली. आतिमांगो अंगाला याओच्या झाडाच्या बियांचं तेल चोळत दारात बसली होती. त्या वासाने केरुबिनाचा हात कालथ्यावरच थांबला.

हाच वास. पौर्णिमेच्या आसपास टेकड्या जाग्या व्हायच्या. आधी लांबून एकच तुंबी वाजे, कुणीतरी सायकलच्या तारांची जुडी तिच्यावर हलके आपटून पाहतोय असं. मग दुसरी. मग पलीकडच्या टेकडीवरून उत्तर. पोरी तेल चोळून, कमरेला मणी बांधून वाट पाहत बसायच्या आणि वाट पाहत नसल्याचं सोंग करायच्या. आया मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "आज कुणाला दळायचं नाही वाटतं!" पोरगे यायचे डोक्यावर पिसांचा तुरा लावून, पायांत घंटा बांधून, रांगेने. त्यांच्या समोर पोरींची रांग. खांदे थरथरत, माना लवत, धूळ गुडघ्यापर्यंत. नाचताना बोलायचं नसे. पण पहाटे घरी जाताना कुणाचं कुणाशी जमलं ते टेकडीवरच्या बकऱ्यांनासुद्धा ठाऊक असे.

अशाच एका रात्री केरुबिनाचा डावा पाय वारुळात गेला होता. घोटा मुरगळला तो कायमचा. बरा झाला तरी डावी टाच इतरांच्या मागून, क्षणभर उशिरा पडायची. ते लपवायला ती डावा खांदा किंचित उचलून हनुवटी वळवायची, जणू पलीकडे कुणी हाक मारली. पोरी आधी हसल्या. मग एकीने तसं करून पाहिलं, मग दुसरीने. वर्षाभरात त्यांच्या वाडीतल्या साऱ्या पोरी डावी टाच उशिरा टाकू लागल्या. बाहेरचे लोक म्हणायचे, "त्या वारुळवाल्या आल्या!" आणि तिचा नवरा, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, लग्नानंतर म्हणाला होता, "सगळ्यांचे पाय एकदम पडायचे. तुझा एकटीचा नंतर पडे, म्हणून मला तोच ऐकू आला."

लामारो तो पाय शिकली ती पाठीवर. आई नाचायची तेव्हा तान्हं पाठीशी बांधलेलं असायचं. नाच पोराला डोळ्यांनी कळत नाही, पोटाने कळतो.

"आजी, करपलं!" आतिमांगो ओरडली. "आणि तू हसतेयस काय?"

"कुठे हसतेय? धूर लागला डोळ्यांना."

"धुराने रडतात, आजी."

ऊन कलल्यावर संघ आला. पिसांचे तुरे, घंटा, हातात तुंब्या आणि सायकलच्या तारा. ओबोन्यो मास्तर पुढे, गळ्यात शिट्टी. वाडीतली माणसं आंब्याखाली जमली. ओदोंग खुर्ची ओढून मुद्दाम कडेला बसला, सावकारासारखा पायावर पाय टाकून. केने उंच, सडसडीत, भट्टीच्या धगीने पापण्या भुरक्या झालेल्या. त्याने केरुबिनापुढे गुडघा टेकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आजी, आज पाय थरथरतायत. स्पर्धेत कधी असं होत नाही."

"स्पर्धेत मेंढा मिळतो. इथे बायको मिळायची आहे," शेजारची म्हातारी सिपोरा म्हणाली. बायका खिदळल्या.

तुंब्या कडाडल्या. पहिल्या फेरीत सारं मास्तरांच्या शिट्टीप्रमाणे, चोख. केरुबिना खाली मान घालून ऐकत होती. मग लोक टाळ्या देऊ लागले, म्हाताऱ्यांनी जुनं गाणं धरलं, मास्तरांनी हसून शिट्टी खिशात टाकली आणि रांग सैल झाली. पोरं आता आपापल्या अंगाने नाचू लागली.

तेवढ्यात तिला तो ऐकू आला. सगळ्या घंटा एकदम वाजायच्या आणि मागून एकट्या एकाची घंटा. पुन्हा. पुन्हा.

तिने मान वर केली. केनेचा डावा पाय. टाच उशिरा, खांदा किंचित वर, हनुवटी पलीकडे वळलेली.

तिला वाटलं, भास असेल. म्हातारपणी माणसाला हवं ते दिसतं. एखाद्याचा पाय चुकतो, त्यात काय एवढं. पण चुकणारा खांदा उचलत नाही. आणि हाक मारल्यासारखा वळत तर नाहीच.

फेरी संपली. तिने वाटीभर पाणी घेतलं आणि केनेला बाजूला बोलावलं.

"पी. दमलास." तो पीत असताना तिने विचारलं, "डावा पाय असा मागून का टाकतोस रे?"

त्याने जीभ चावली. "दिसलं का, आजी? मास्तर फार रागावतात त्यावरून. आतिमांगो तर म्हणते, तुझा पाय पुढच्या मोटारीने येतो. स्पर्धेत दाबून ठेवतो. आज मोकळं वाटलं, सुटला. माफ करा."

"शिकलास कुणाकडून?"

"आईचा पाय आहे तो."

"काय नाव तिचं?"

"ग्रेस म्हणायचे. पण ते खरं नव्हे. तळावर कुणी खरं नाव सांगत नसे. सांगितलं आणि पळून गेलं, की ते मागे येऊन घर जाळायचे. ती मला म्हणायची, बाहेर पडलो की सांगेन." तो वाटीतल्या पाण्याकडे पाहत होता. "नदी ओलांडताना गोळीबार झाला. सांगायचं राहून गेलं."

केरुबिनाने झाडाला हात टेकला. "आणि हा पाय? तिला कुणी शिकवला?"

"तिच्या आईचा म्हणे. आई नाचताना वारुळात पडली होती." तो ओशाळं हसला. "खरं की खोटं कुणास ठाऊक. मला हसवायला सांगत असेल. तिथे हसायला फार काही नसायचं."

रिंगणातून आतिमांगोने हाक मारली, "आजी, सोड त्याला! लग्नाआधीच उलटतपासणी?" सगळे हसले. ओदोंगसुद्धा, ओठांच्या एका कोपऱ्याने. कडेला बसलेल्या त्या माणसाची मान मघापासून तालावर हलत होती. तो आज हो म्हणणार, हे केरुबिनाला दिसत होतं.

केने पळत रांगेत गेला. ती चटईवर येऊन बसली. माळ हातात होती, पण बोटं मण्यांवर सरकेनात.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वारुळवाल्या पोरींपैकी काही छावणीच्या तापात गेल्या, काही लांब दिल्या. सिपोरा लग्न होऊन आलेली, नंतरची. ओदोंग त्या वेळी बकऱ्यांमागे असायचा. पोरींचे पाय कोण पाहतो त्या वयात. तिने तोंड मिटलं, तर लेकीचा लेक जावई होऊन याच अंगणात राहील. तिच्या हातचं जेवेल. रोज डोळ्यांसमोर असेल. आतिमांगो हसत राहील. काय वाईट त्यात? देवाने इतकं काढून घेतलं, एवढ्याकडे डोळेझाक केली तर काय बिघडेल त्याचं?

पण मग तो जन्मभर भट्टीवरचाच राहील. लामारो जन्मभर ग्रेसच राहील, नदीकाठी, कुणाचीच नसलेली. आणि एक भाऊ आपल्या बहिणीला नकळत बायको म्हणेल, तेही आपण पाहत असताना. रोज पहाटे त्या अंगणात बसून ती कोणत्या तोंडाने दोन्ही प्रार्थना म्हणणार होती? आता तर एकच उरली होती.

तुंब्या पुन्हा सुरू झाल्या. समोरासमोर रांगा आल्या. केनेच्या पुढ्यात आतिमांगो, मान लववत, डोळ्यांत सारं तेज. आजीने पाय विचारला म्हणजे आवडला, असं समजून केने आता तो दाबत नव्हता. टाच मागून पडत होती, मोकळी, निर्धास्त. खांदा उचलला की लामारोच. अगदी लामारोच.

त्या डोंगरांत एक रीत आहे. आपल्या घरच्याचा पाय सुरेख पडला की घरची बाई रिंगणात धावते, जिभेने किलकारी मारते आणि घराण्याची ललकारी देते. ललकारी म्हणजे रक्ताची खूण. परक्यासाठी ती द्यायची नसते. नवरदेवासाठी तर नाहीच नाही.

केरुबिना उठली. लोकांना वाटलं, म्हातारी नातीसाठी उठली. त्यांनी कौतुकाने वाट दिली. ती आतिमांगोला ओलांडून गेली. केनेपुढे उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि इतक्या वर्षांत गळ्यात अडकलेली किलकारी अशी सुटली की आंब्यावरची पाखरं उडाली.

"आमचं गवत जळतं, मूळ जळत नाही!"

ती तिच्या नवऱ्याच्या घराण्याची ललकारी होती. लामारोची.

तुंब्या एकेक करून थांबल्या. सिपोरा तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, काय बोललीस! पोराला ललकारी दिलीस?"

ओदोंग खुर्चीवरून उठला होता. "आई, भान आहे का? हे कुणासाठी म्हणतात?"

"लेकीच्या लेकासाठी म्हणतात," केरुबिना म्हणाली. तिचा आवाज तिच्या नेहमीच्या आवाजासारखाच, खालचा होता. "हा लामारोचा आहे. माझा पाय आहे त्याच्याकडे."

आणि तिने सांगितलं, वारूळ, घोटा, ग्रेस, नदी. मध्येच थांबून तिने डाव्या पायाने तसं करून दाखवलं. सत्तरीला टेकलेली बाई, टाच मागून, खांदा वर, हनुवटी पलीकडे. आणि केने, ज्याला कळत नव्हतं की आपल्याला काय मिळालं आणि काय गेलं, तो तिच्या पायाकडे पाहतच राहिला. मग खाली बसला आणि त्याने तिचा तो घोटा दोन्ही हातांत धरला.

"काय होतं नाव तिचं?" त्याने विचारलं.

"लामारो."

त्याने ते दोनतीनदा पुटपुटून पाहिलं, नवीन घास चावून पाहावा तसं.

आतिमांगो तेव्हा तिथे नव्हती. तिची तुंबी जमिनीवर पालथी पडली होती आणि झोपडीचं दार लागलं होतं.

पुढचे दिवस घरात एकीकडे आनंद, एकीकडे अबोला. ओदोंगने म्हाताऱ्यांना बोलावून केनेला रीतीने आत घेतलं; लांबून परतलेल्या माणसाने करायचं ते, दारात अंडं पायाखाली फोडून, ओल्या डहाळ्यांवरून चालत. ओदोंगसारखा माणूस, पण बहिणीचा शेवट ऐकताना मध्येच उठून आंब्यामागे गेला. त्याने केनेला टेकडीच्या उताराची जमीन दाखवली, "तुझ्या आईच्या वाट्याची समज," म्हणाला. संध्याकाळी केरुबिना केनेला जवळ बसवून विचारायची. ती कशी मेली हे तिने एकदाच ऐकलं. बाकी सारं वेगळंच विचारायची.

"तिथे नाचायची का रे?"

"ढोल नसायचा. मांडीवर हाताने ताल धरायची. मला पाठीशी बांधून. हळू, आवाज होऊ नये म्हणून."

"आणि आंबट पाला आवडायचा अजून?"

"रानात शोधायची. तीळ मिळायचे नाहीत. तोंड वाकडं करून म्हणायची, माझ्या आईला हे दाखवलं तर ती भांडं फेकेल."

"फेकलंच असतं," केरुबिना म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसली.

आतिमांगो हे सारं आतून ऐकायची. तिने आजीशी बोलणं सोडलं होतं. जेवण वाढायची, भांडी घासायची, मान खाली. संघात जाणं बंद. केनेसमोर आली तर वाट बदलून जायची. तोही भट्टीवरच जास्त वेळ काढू लागला, घर मिळूनही.

एके दिवशी ती आजीपाशी आली, उभ्या उभ्याच म्हणाली, "तू गप्प बसली असतीस तर काय झालं असतं? कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"मला कळलं होतं, बाळ."

"तुझं तू देवाशी मिटवलंस. मधे मी होते."

केरुबिनाने माळ खाली ठेवली. "होतीस," ती म्हणाली. "तुझ्यावरूनच चालत गेले मी."

आतिमांगो खाली बसून शेंगा फोडू लागली. आजीने तिच्यापुढे टोपली सरकवली. आतिमांगो उठून गेली नाही.

त्यानंतरच्या रविवारी, चर्चहून आल्यावर, सगळे अंगणात होते. केने पाहुण्यासारखा कडेला, चटईच्या काठावर बसला होता. ओदोंगने त्याला वर सरकायला सांगितलं, तो नको म्हणाला. आतिमांगो आतून पाण्याचा रिकामा पिवळा कॅन घेऊन आली आणि तिने तो त्याच्या पुढ्यात आदळला. सगळे दचकले.

"हापशावर रांग वाढायच्या आत जा," ती म्हणाली. त्याच्याकडे न पाहता, लांब टेकडीकडे पाहत. "घरात बसून खातोस, पाणी काय मी एकटीनेच भरायचं? ऊठ." ओठ हलले, थांबले. शेवटी तो शब्द आला, चिरलेला, जेमतेम ऐकू येईल असा.

"ऊठ, दादा."

केने उठला. त्याने कॅन उचलला. ओदोंग घसा खाकरून दुसरीकडे पाहू लागला. पायवाटेने केने दूर जाईपर्यंत आतिमांगो तशीच उभी होती, कमरेवर हात ठेवून, रागावलेल्या बहिणी उभ्या राहतात तशी. गाल मात्र ओले होते, आणि तिने ते पुसले नाहीत.